फुप्फुसातली गुठळी कशी शोधायची: कॅज्युअल्टीत नव्याने उभ्या राहणाऱ्या डॉक्टरांसाठी

रात्री अडीच वाजता ५२ वर्षांच्या एक मावशी कॅज्युअल्टीत येतात. चालत आल्या आहेत, पण खुर्चीत बसल्यावरही एक वाक्य एका दमात पुरं होत नाही. "संध्याकाळी उठून मोरीपर्यंत गेले आणि एकदम धाप लागली. तेव्हापासून श्वास घेतला की इथं टोचतंय," असं म्हणत त्या उजव्या बरगडीवर हात ठेवतात. मुलगा सांगतो, घोट्याचं फ्रॅक्चर होतं, तीन आठवडे प्लास्टर होतं, परवाच काढलं. नाडी ११२, बीपी ११८/७६, श्वास मिनिटाला २६, पल्स ऑक्सिमीटरवर ९२. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना हवा छान जाते आहे. एक्स-रे साफ. संध्याकाळी एका दवाखान्यात गॅसचा त्रास म्हणून पँटोप्राझोलचं इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवलेलं आहे.

फुप्फुसं ऐकायला स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ, आणि तरीही ऑक्सिजन कमी. ही जोडी दिसली की तुमच्या डोक्यात पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत पीई, आलाच पाहिजे. पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी तयार होते, तिथून सुटते, उजव्या हृदयातून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने १८४० च्या दशकात हा प्रवास शवविच्छेदनाच्या टेबलावर उलगडून दाखवला. गुठळी का होते याची त्याच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणं आजही तशीच लागू आहेत: रक्त साचून राहणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं. मावशींच्या बाबतीत पहिली दोन समोर दिसत आहेत.

हा लेख इंटर्न, नवे रेसिडेंट आणि ग्रामीण रुग्णालयात एकट्याने ड्युटी करणारे मेडिकल ऑफिसर यांच्यासाठी आहे. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: केस पेपरवर आधी शक्यतेचा आकडा लिहा, मग तपासणीची चिठ्ठी फाडा. पीईच्या निदानात एकही तपासणी स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तोच रक्तातला डी-डायमर, तोच सीटी, पण आधी तुम्हाला किती शंका होती त्यावर त्याचा अर्थ बदलतो.

पायरी १: बीपी बघा, कारण इथून वाट दुभंगते

सिस्टोलिक बीपी ९० च्या खाली असेल, किंवा नेहमीपेक्षा ४० ने उतरून पंधरा मिनिटांहून जास्त वेळ तिथेच राहिलं असेल, किंवा ते टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनलिन लागत असेल, तर स्कोअर मांडत बसू नका. हा पेशंट सीटीच्या टेबलावर दगावू शकतो. सीनियरला फोन लावा, ऑक्सिजन सुरू करा आणि इको मशीन खाटेशी आणा.

इकोवर उजवं व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा, बघायचं. एरवी ते डाव्यापेक्षा लहान असतं. मोठ्या गुठळीत ते फुगून डाव्याच्या बरोबरीचं किंवा मोठं होतं आणि मधला पडदा डावीकडे ढकलला जातो. मग आडव्या छेदात डावं व्हेंट्रिकल गोल न दिसता इंग्रजी डी अक्षरासारखं दिसतं. उजव्या व्हेंट्रिकलची भिंत हलत नाही, पण टोक मात्र नीट हलतं, या खुणेला मॅककॉनेल यांचं नाव आहे. ती दिसली तर संशय बळावतो. बीपी पडलेल्या पेशंटचं उजवं व्हेंट्रिकल अगदी व्यवस्थित असेल, तर बीपी पडण्याचं कारण पीई असण्याची शक्यता फार कमी. मग दुसरीकडे शोधा.

सलाइनबद्दल सावध राहा. बीपी कमी दिसलं की बाटल्या लावायची आपल्याला सवय आहे, पण आधीच फुगलेल्या उजव्या हृदयात आणखी पाणी ओतलं तर ते डाव्याला अजून दाबतं. ५०० मिलीच्या आत राहा. गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं का, हा निर्णय सीनियरसोबत घ्या, पण तो सकाळच्या राउंडपर्यंत लांबवू नका.

मावशींचं बीपी ठीक आहे. म्हणजे आपल्याला विचार करायला वेळ आहे.

पायरी २: गोष्ट ऐका आणि दोन्ही पाय उघडून बघा

"पल्मनरी एम्बोलिझमसारखं होतंय" असं सांगत कुणी येत नाही. पेशंट म्हणतो, दम लागतोय, छातीत कळ येते, श्वास अर्धवट राहतो, न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो, थुंकीत रक्ताची रेघ दिसली. पायाबद्दल तर विचारल्याशिवाय कळतच नाही. "पोटरी भरून आलीय", "गोळा आल्यासारखं दुखतं" ही वाक्यं तुमच्या प्रश्नाची वाट बघत असतात. धाप प्रत्येक वेळी अचानकच लागते असंही नाही. आठ-दहा दिवस हळूहळू जिना चढवेनासा झाला, अशीही गोष्ट ऐकायला मिळते.

मग कारणं विचारा: गेल्या महिन्याभरातलं ऑपरेशन, विशेषतः खुब्याचं किंवा गुडघ्याचं, फ्रॅक्चर, अंथरुणावर पडून राहणं, कॅन्सर आणि केमो, गर्भनिरोधक गोळ्या, पूर्वी झालेली गुठळी, घरात कुणाला झालेली गुठळी. पाळी अनियमित म्हणून किंवा सणासाठी पाळी पुढे ढकलायला गोळ्या घेतल्या का, हे वेगळं विचारा, कारण "गर्भनिरोधक घेता का" या प्रश्नाला त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. बाळंतिणीकडे फार लक्ष द्या. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका गरोदरपणापेक्षाही जास्त असतो आणि आपल्याकडे तोच सव्वा महिना बहुतेक खाटेवर जातो. सिझेरियन झालेल्या मुलीला दहाव्या दिवशी धाप लागली तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडू नका.

आता पाय. साडी किंवा पायजमा जरा वर करून एकच पाय बघणं ही तपासणी नव्हे. पडदा ओढा, सिस्टरना बोलवा, दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे करा. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांवर पेनने खूण करा आणि टेपने घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो महत्त्वाचा. नुसत्या नजरेला हा फरक फसवतो. मावशींच्या उजव्या पोटरीचा घेर ३७ आणि डावीचा ३३ भरला, मागून दाबल्यावर त्यांनी पाय आखडून घेतला. प्लास्टर काढलं की थोडी सूज असतेच, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पण प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायाचे स्नायू बारीक होतात. तो पाय उलट जाड झाला असेल तर थांबून विचार करायला हवा.

पायरी ३: ईसीजी आणि एक्स-रे कशासाठी

या दोन्हींनी पीई सिद्ध होत नाही आणि फेटाळलाही जात नाही. त्या करायच्या त्या मुख्यतः दुसरं काही सापडतंय का हे बघायला: हार्ट अटॅक, न्यूमोथोरॅक्स, न्यूमोनिया, पाणी झालेलं फुप्फुस. थुंकीतून रक्त आलं की आपल्याकडे पहिलं नाव टीबीचंच येतं आणि ते यायलाच हवं. फक्त टीबीच्या पेशंटलाही गुठळी होऊ शकते हे विसरू नका.

ईसीजीत सगळ्यात जास्त वेळा दिसते ती नुसती वाढलेली नाडी. परीक्षेत सगळे लिहितात ती खूण, पहिल्या लीडमध्ये एस, तिसऱ्यात क्यू आणि उलटी टी, ही बॉस्टनच्या मॅकगिन आणि व्हाइट यांनी १९३५ मध्ये मांडली. ती दिसली तर नोंदवा, नाही दिसली तर त्यावरून काहीच ठरवू नका. माझ्या अनुभवात व्ही-१ ते व्ही-४ मध्ये उलटलेल्या टी जास्त कामाच्या, कारण त्या उजव्या हृदयावर ताण आल्याचं सांगतात. मात्र त्याच टी बघून पेशंटला हार्ट अटॅकच्या रांगेत लावल्याचंही पाहिलं आहे. एक्स-रेवर फुप्फुसाच्या कडेला पाचरीसारखा डाग किंवा एखाद्या भागात रक्तवाहिन्या विरळ दिसणं या जुन्या खुणा आहेत. त्या शोधायला हरकत नाही, पण त्यांच्यासाठी अडून बसू नका.

पायरी ४: वेल्स स्कोअर, पेनने, केस पेपरवर

कॅनडातले फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हा स्कोअर सोप्या रूपात मांडला. यात सात गोष्टी आहेत. पायात डीव्हीटीची (खोल शिरेतल्या गुठळीची) लक्षणं, म्हणजे सूज आणि खोल शिरेवर दाबल्यावर दुखणं, याला ३. पीईपेक्षा जास्त पटेल असं दुसरं निदान नसणं, याला ३. नाडी १०० च्या वर, १.५. तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळणं किंवा चार आठवड्यांत ऑपरेशन, १.५. पूर्वी डीव्हीटी किंवा पीई, १.५. थुंकीतून रक्त, १. कॅन्सर, म्हणजे ज्याचे उपचार चालू आहेत, सहा महिन्यांत झाले आहेत किंवा आता फक्त वेदनाशामक उपचार चालू आहेत, याला १. बेरीज ४ किंवा त्याखाली असेल तर पीईची शक्यता कमी, ४ च्या वर गेली तर शक्यता जास्त. तीन गटांची जुनी विभागणीही आहे, पण कॅज्युअल्टीत दोन गट पुरतात आणि गोंधळ होत नाही.

यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण नव्या डॉक्टरांची गाडी तिथेच अडते. "दुसरं निदान जास्त पटत नाही" याचे ३ गुण तुमच्या मताचे आहेत, कुठल्या यंत्राचे नाहीत. आठ दिवस इंटर्नशिप झालेल्या मुलाचं मत आणि वीस वर्षांच्या फिजिशियनचं मत सारखं नसणार, आणि स्कोअरवर टीका होते ती यावरूनच. माझा उपाय साधा आहे. त्या ओळीपुढे तुम्हाला वाटणारं दुसरं निदान लिहून काढा आणि त्याच्यापुढे पुरावा लिहा. "न्यूमोनिया: ताप नाही, खोकला नाही, एक्स-रे साफ." "दमा: शिट्टी नाही, पूर्वी कधी नाही." लिहिताना तुम्हालाच कळतं की पर्याय टिकतोय की नाही. "गॅस" आणि "टेन्शन" हे पर्याय म्हणून लिहायचे असतील तर ऑक्सिजन ९२ का आहे तेही पुढे लिहावं लागेल.

मावशींची बेरीज अशी झाली: पाय ३, पर्यायी निदान नाही ३, नाडी १.५, प्लास्टरमुळे खाटेवर १.५. एकूण ९.

मताचा भाग नको असेल तर सुधारित जिनिव्हा स्कोअर आहे. त्यात सगळं मोजता येण्यासारखं असतं: वय, नाडी, पाय, कॅन्सर वगैरे. तुमच्या युनिटमध्ये जो चालतो तो वापरा. दोन्ही मांडून सोयीचा निवडू नका.

आणखी एक साधन आहे ते अगदी दुसऱ्या टोकाला, म्हणजे जिथे पीई नसेलच असं तुम्हाला मनापासून वाटतं पण खात्री हवी असते. त्याचं नाव पर्क, अमेरिकेतल्या जेफ्री क्लाइन यांनी २००४ मध्ये मांडलं. वय ५० च्या आत, नाडी १०० च्या आत, ऑक्सिजन ९५ किंवा वर, एका पायाला सूज नाही, थुंकीतून रक्त नाही, चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा मोठी इजा नाही, पूर्वी गुठळी नाही, इस्ट्रोजेनच्या गोळ्या नाहीत. आठही बरोबर जुळले तर डी-डायमरसुद्धा पाठवू नका. एक जरी चुकलं तर पर्क बाजूला ठेवा. ज्याच्याबद्दल शंका खरोखर कमी आहे त्याच्यासाठीच हे आहे. संशय बळकट असताना पर्क लावणं चूक.

पायरी ५: डी-डायमर, आणि त्याच्या पुढे छापलेलं एकक

रक्ताची गुठळी शरीर आपोआप विरघळवायला लागतं तेव्हा फायब्रिनचे जे तुकडे सुटतात त्यातला एक म्हणजे डी-डायमर. गुठळी असेल तर तो बहुतेक वेळा वाढतो. पण तो वाढायला गुठळीच लागते असं नाही. न्यूमोनिया, डेंग्यू, सर्पदंश, कॅन्सर, गरोदरपण, कालचं ऑपरेशन, नुसतं वाढलेलं वय, कशानेही वाढतो. म्हणून याचं काम एकच: शक्यता कमी असलेल्या पेशंटमध्ये पीई नाही असं म्हणता यावं. डी-डायमर वाढलाय म्हणून पीई आहे, असं कधीच लिहू नका.

मावशींचा स्कोअर ९ आहे. त्यांचा डी-डायमर पाठवायचाच नाही. वाढला तर नवीन काही कळणार नाही. कमी आला तर तुम्ही फसाल, कारण इतक्या जास्त शंकेत एक कमी आकडा पीई फेटाळू शकत नाही. आमच्या इंटर्नने मी पोचायच्या आधीच तो पाठवला होता. "सर, सगळ्यांसोबत एकदम रक्त काढलं," म्हणाला. सवय कळते, पण ती मोडायला हवी.

शक्यता कमी असेल तर पाठवा आणि ५०० ची रेघ लावा. वय ५० च्या वर असेल तर वयाला १० ने गुणा: ७० वर्षांच्या काकांना ७०० पर्यंत चालतं. हा नियम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात पारखला गेला. त्यामुळे वयस्कर माणसांचे कितीतरी सीटी टळतात. नेदरलँड्समधून २०१७ मध्ये आलेली इयर्स ही पद्धत आणखी सुटसुटीत आहे: डीव्हीटीची लक्षणं, थुंकीतून रक्त, आणि पीई हेच सगळ्यात पटणारं निदान, या तिन्हींपैकी एकही नसेल तर रेघ १,०००, एखादं जरी असलं तर ५००.

आता एकक. हे सगळे आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आणि फायब्रिनोजेनच्या मापात, म्हणजे एफईयूमध्ये आहेत. काही लॅब डीडीयू या मापात रिपोर्ट देतात, तिथे तोच आकडा जवळपास निम्मा येतो. म्हणजे एफईयूचे ५०० तिथे २५० होतात आणि वयाला १० ऐवजी ५ ने गुणायचं. मी रेसिडेंट असताना एका पेशंटचा रिपोर्ट ३८० आला. ५०० च्या आत म्हणून मी त्याला रात्री घरी सोडलं. सकाळी राउंडला युनिटच्या मॅडमनी रिपोर्टच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात डीडीयू छापलेलं होतं आणि सामान्य मर्यादा २५० दिली होती. फोन करून पेशंटला परत बोलावलं, सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. तो वाचला. तेव्हापासून मी आकड्याच्या आधी एकक वाचतो, आणि तुम्हीही आज ड्युटीवर जाऊन आपल्या लॅबचं एकक आणि मर्यादा एकदा विचारून घ्या. काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटर असतं, तिथे ५०० चे ०.५ होतात.

पायरी ६: सीटी पल्मनरी अँजिओ

शंका जास्त असेल आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर सीटीच्या, म्हणजे शिरेतून डाय देऊन फुप्फुसाच्या धमन्या दाखवणाऱ्या सीटीच्या, नंबरची वाट बघत हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, थांबवू नका. आधी इंजेक्शन, मग स्ट्रेचर. साधारण एनॉक्सापॅरिन किलोमागे १ मिलिग्रॅम त्वचेखाली दिलं जातं. किडनी बिघडलेली असेल किंवा पुढे विरघळवायचं औषध द्यावं लागेल असं वाटत असेल तर शिरेतून साधं हेपरिन, किलोमागे ८० युनिट एकदम आणि मग तासाला किलोमागे १८. डोस आपल्या सीनियरशी बोलून नक्की करा.

तयारी करताना क्रिएटिनिन, आधी कधी डाय दिल्यावर रिअ‍ॅक्शन आली होती का, मेटफॉर्मिन चालू आहे का, आणि वयात आलेल्या प्रत्येक बाईची गरोदरपणाची तपासणी, हे बघून घ्या. जीव धोक्यात असेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी खोळंबू नका. कॅन्युला कोपराच्या लवणीत, शक्यतो उजव्या हाताला, हिरवी किंवा किमान गुलाबी. निळी लावून पाठवली तर टेक्निशियन परत पाठवेल आणि तो बरोबर असेल, कारण डाय सेकंदाला ४ ते ५ मिलीच्या वेगाने जायला हवी. पेशंटला आधीच शिकवा: "साधा श्वास घ्या आणि थांबा." छाती भरभरून श्वास घेतला तर पोटाकडून डाय नसलेलं रक्त एकदम उजव्या हृदयात ओढलं जातं आणि धमनीतली डाय पातळ पडते. "मोठा श्वास घ्या" ही आपली रोजची सूचना इथे नुकसान करते.

फिल्मचा निर्णय रेडिओलॉजिस्टचा, पण रात्री स्क्रीनपुढे तुम्हीच असता, म्हणून बघायला शिका. आधी अभ्यास बघण्यालायक आहे का ते ठरवा. मुख्य धमनीवर कर्सर ठेवून घनता बघा, २५० हौन्सफील्डच्या आसपास किंवा वर असेल तर छान. फुप्फुसाच्या विंडोत जाऊन श्वास हलल्यामुळे वाहिन्या दुहेरी दिसतात का ते पाहा. मग विंडो रुंद करा, रुंदी ७०० आणि पातळी १०० च्या जवळपास. अरुंद विंडोत पांढरीशुभ्र डाय छोटी गुठळी झाकून टाकते. आता मुख्य धमनीपासून सुरू करा, उजवी, मग तिच्या शाखा, मग डावी, एकेक फांदी टोकापर्यंत, उडी न मारता.

ताजी गुठळी म्हणजे पांढऱ्या डायमध्ये काळसर पोकळी. वाहिनी आडवी कापलेली असेल तर मध्ये गुठळी आणि भोवती पांढरी कडा, अगदी पोलोच्या गोळीसारखी. लांबीने कापलेली असेल तर गुठळीच्या दोन्ही बाजूंना डायच्या दोन समांतर रेघा, रुळांसारख्या. पूर्ण बंद झालेली वाहिनी ताज्या गुठळीत फुगलेली असते. जुनी गुठळी भिंतीला चिकटून, बोथट कोनात, कधी जाळीसारखी दिसते आणि वाहिनी आक्रसलेली असते.

फसवणाऱ्या गोष्टीही ओळखून ठेवा. धमनी श्वासनलिकेच्या फांदीला चिकटून चालते, शीर मात्र एकटीच डाव्या एट्रियमकडे जाते. डाय न पोचलेल्या शिरेला गुठळी समजणं ही नेहमीची चूक. कफाने भरलेली श्वासनलिका गुठळीसारखी दिसते, तेव्हा शेजारची धमनी भरली आहे का ते पाहा. हायलमपाशी, म्हणजे फुप्फुसाच्या मुळाशी, लिम्फ नोडच्या गाठी असतात, त्या वाहिनीच्या बाहेर असतात, आत नव्हे. वरच्या महाशिरेतल्या घट्ट डायमुळे उजव्या वरच्या फांद्यांवर पट्टे उमटतात. आणि एओर्टाबद्दल या सीटीवरून निश्चिंत होऊ नका, कारण वेळ फुप्फुसाच्या धमनीसाठी साधलेली असते, त्या क्षणी एओर्टा नीट भरलेली नसू शकते.

मावशींच्या उजव्या खालच्या लोबच्या धमनीत पोलोच्या गोळीसारखी गुठळी निघाली. चार कप्प्यांच्या पातळीवर उजवं आणि डावं व्हेंट्रिकल मोजून पाहिलं, उजवं लहान होतं. प्रमाण १ च्या वर असतं तर उजव्या हृदयावर ताण आहे असं धरून ट्रोपोनिन पाठवून त्यांना आयसीयूत हलवलं असतं.

सीटी आणि तुमची शंका जुळली नाही तर काय? अमेरिकेतला पायोपेड-२ हा २००६ मध्ये छापून आलेला अभ्यास इथे आठवावा. सीटीने पीई असलेल्यांपैकी ८३ टक्के पकडले आणि नसलेल्यांपैकी ९६ टक्क्यांना बरोबर मोकळं केलं. पण शंका खूप जास्त असताना सीटी निर्मळ आला, तर तो खरा ठरण्याची खात्री ६० टक्केच होती. शंका कमी असताना सीटीवर गुठळी दिसली, तर ती खरी असण्याची खात्री ५८ टक्के. आजची यंत्रं तेव्हाच्यापेक्षा चांगली आहेत, पण गाठ तीच आहे. म्हणूनच केस पेपरवर आकडा आधी लिहायचा. रिपोर्ट हातात आल्यावर लिहिलेली शंका रिपोर्टच्याच रंगाची होते.

जुळत नसेल तर दोन्ही पायांची दाबून केलेली सोनोग्राफी करा. जांघेत आणि गुडघ्यामागे शीर प्रोबने दाबली की ती मिटायला हवी. मिटली नाही तर आत गुठळी आहे आणि उपचार तसेही तेच. एकच बारीक उपशाखा भरलेली दिसत नसेल आणि बाकी काही नसेल, तर दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवल्याशिवाय माणसाला महिनोन्‌महिने रक्त पातळ करायची औषधं लावू नका. किडनी निकामी असेल किंवा डायची गंभीर अ‍ॅलर्जी असेल तर व्हेंटिलेशन-परफ्यूजन स्कॅन आहे, पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो आणि तो मोठ्या शहरांतच मिळतो. परफ्यूजन पूर्ण सामान्य आलं तर पीई नाही असं मानता येतं.

गरोदर बाई आली तर

वेल्स स्कोअर गरोदरपणासाठी तपासून पाहिलेला नाही आणि डी-डायमर त्या काळात आपोआप चढत जातो. पायाला सूज असेल तर आधी पायाची सोनोग्राफी. गुठळी निघाली तर छातीच्या सीटीशिवायच उपचार सुरू करता येतात. पायात काही नसेल आणि एक्स-रे साफ असेल तर परफ्यूजन स्कॅन किंवा सीटी, जे उपलब्ध आहे ते. दोन्हींत बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन फार कमी असतं. "बाळाला त्रास होईल" म्हणून आईची तपासणी टाळणं हाच मोठा धोका आहे, आणि हे तिच्या सासूला आणि नवऱ्याला नीट समजावून सांगायचं काम तुमचंच.

सीटी नसलेल्या ठिकाणाहून पाठवताना

ग्रामीण रुग्णालयात असाल तर १०८ ला फोन करण्याआधी बीपी, पाय आणि स्कोअर झालेला असू दे. शंका जास्त असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल तर पहिला हेपरिनचा डोस तिथेच द्या. पेशंटला जिना चालवून खाली नेऊ नका, स्ट्रेचर मागवा. वाटेत ऑक्सिजन चालू राहील याची खात्री करा, सिलिंडरचं मीटर स्वतः बघा. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करा आणि तिथे सीटी रात्री चालू असतो का ते विचारा. असतो असं गृहीत धरून पाठवलेला पेशंट पहाटे दुसऱ्या गावी फिरवावा लागतो.

चिठ्ठीत "ब्रेथलेसनेस, फर्दर मॅनेजमेंटसाठी" एवढंच लिहून पाठवू नका. वेल्स स्कोअर आकड्यासह, दोन्ही पोटऱ्यांचे घेर, ऑक्सिजनशिवाय मोजलेलं ऑक्सिमीटरचं रीडिंग, शेवटचं बीपी, वजन, क्रिएटिनिन असेल तर ते, चालू औषधं, आणि रक्तस्रावाचा धोका वाढवणारं काही असेल तर ते ठळक. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, हेपरिन कोणतं दिलं, किती दिलं आणि किती वाजता दिलं. पुढच्या डॉक्टरला पुढचा डोस कधी द्यायचा आणि विरघळवायचं औषध देणं सुरक्षित आहे का, हे त्या वेळेशिवाय ठरवता येत नाही.